कोणाचा टेलिफोन कोणाकडे?

कचेरींतला टेलिफोन वाजला म्हणजे तो कोणी तरी उचलावा, एवढीच बाहेरच्या माणसाची अपेक्षा असते. परंतु ज्या कचेरींत दोनशें माणसें काम करीत असतात, तेथें हा ‘कोणी तरी’ कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. बिलाची चौकशी करणारें गिऱ्हाईक हिशेबखात्याकडे गेलें पाहिजे. मालाची मागणी करणारें विक्रीखात्याकडे. आणि रात्रीं दोन वाजतां गुदामाला आग लागल्याची वर्दी देणारा पहारेकरी अशा माणसाकडे, कीं जो त्या वेळीं जागा असेल. हा निवाडा दिवसांतून शेंकडों वेळां करावा लागतो, आणि तो घंटेच्या दोन ठोक्यांच्या आंत व्हावा लागतो. एके काळीं तो एक जिवंत माणूस करीत असे. पुढें तो लोखंडाच्या यंत्राकडे गेला, तेथून संगणकाच्या स्मृतींत गेला, आणि आज तो कचेरींतल्याच एखाद्या कारकुनानें लिहिलेल्या चार-दोन ओळींच्या नियमांत येऊन बसला आहे. या प्रवासाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि त्याच्या शेवटीं एक असा प्रसंग आहे, कीं ज्यामुळें या क्षुल्लक भासणाऱ्या नियमांकडे गंभीरपणें पाहणें भाग पडतें.

टेलिफोनचा जन्म १८७६ सालचा. त्या वर्षीं १० मार्च रोजीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं दुसऱ्या खोलींत असलेल्या आपल्या साहाय्यकाला तारेवरून हांक मारली. त्या हांकेंत वाटेचा प्रश्नच नव्हता. तार एक, बोलणारा एक आणि ऐकणारा एक. परंतु दहा माणसांना परस्परांशीं बोलावयाचें असेल आणि प्रत्येकाच्या घरून प्रत्येकाच्या घरीं स्वतंत्र तार न्यावयाची असेल, तर ४५ तारा लागतात. माणसें शंभर झालीं, कीं तारांची संख्या ४,९५० होते. एवढ्या तारांचें जाळें कोणत्याहि शहराच्या डोक्यावर मावणें शक्य नव्हतें. यावर तोड एकच होती. प्रत्येकाची तार एका मध्यवर्ती ठिकाणीं आणावयाची, आणि तेथें लागेल तेव्हां लागतील त्या दोन तारा जोडावयाच्या.

अशा प्रकारचें पहिलें व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज २८ जानेवारी १८७८ रोजीं अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांत न्यू हेवन येथें जॉर्ज कॉय यांनीं सुरू केलें. त्याचे वर्गणीदार होते अवघे २१. पुढच्याच महिन्यांत निघालेली त्यांची यादी एका पानावर मावली, आणि तिच्यांत नांवें होतीं, पण नंबर नव्हते! नंबरांची गरजच काय? वर्गणीदार ऑपरेटरला नांव सांगे आणि ऑपरेटर त्या नांवाची तार जोडून देई. पहिल्या पहिल्यानें या कामावर तारखात्यांतल्यासारखीं पोरें नेमण्यांत आलीं. पण तीं पोरें वर्गणीदारांशीं उर्मटपणानें बोलत, थट्टामस्करी करीत. म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजीं बोस्टन येथें एमा नट या तरुणीला हें काम देण्यांत आलें, आणि तेव्हांपासून जगभर स्विचबोर्डासमोरची खुर्ची बहुतांशीं स्त्रियांची झाली.

या काळांतली ऑपरेटर ही नुसती तारा जोडणारी नव्हती. डॉक्टर घरीं नाहींत, ते अमक्याकडे गेले आहेत, हें तिला ठाऊक असे, आणि हांक तिकडे वळविली जाई. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर सगळी नियमावलि तिच्या डोक्यांत होती. परंतु माणसाच्या डोक्यांतली नियमावलि माणसाबरोबरच आजारी पडते. १८७९ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतल्या लॉवेल गांवीं गोंवराची सांथ आली. गांवांत दोनशेंहून अधिक वर्गणीदार होते आणि ऑपरेटर चार. हीं चौघें एकदम अंथरुणाला खिळलीं, तर नवख्या माणसाला कोणाची तार कोणती हें कसें कळणार, अशी चिंता तेथील डॉक्टर मोझेस ग्रीली पार्कर यांना पडली. प्रत्येक वर्गणीदाराला एक नंबर द्या, अशी सूचना त्यांनीं केली. आज प्रत्येकाच्या नांवाला चिकटलेल्या टेलिफोन नंबराचा उगम असा एका सांथीच्या भीतींत आहे. नंबर आला, आणि वाट दाखविण्याचें ज्ञान माणसाच्या स्मरणांतून निघून कागदावर आलें.

हिंदुस्थानांत हा शोध फार उशिरां आला असें नाहीं. १८८१ सालीं विलायतेच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीला कलकत्ता, मुंबई, मद्रास व अहमदाबाद येथें एक्स्चेंज उघडण्याचा परवाना मिळाला. न्यू हेवनला बरोबर चार वर्षें पूर्ण झालीं त्याच तारखेला, म्हणजे २८ जानेवारी १८८२ रोजीं, कलकत्त्याच्या एक्स्चेंजचें उद्‌घाटन झालें. त्याचे वर्गणीदार ९३ होते. मुंबईचें एक्स्चेंजहि त्याच वर्षीचें.

नंबर आल्यावर पुढची पायरी अटळ होती. जें काम नुसता आंकडा वाचून होतें, तें यंत्रानेंहि होऊं शकतें. हें ज्यानें ओळखलें, तो कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हता. कॅन्सस सिटींतला आल्मन ब्राउन स्ट्रोजर हा प्रेतसंस्काराचा धंदा करीत असे. आख्यायिका अशी सांगतात, कीं एक्स्चेंजमध्यें ऑपरेटर असलेली बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती, आणि शोकाकुल घरांतून ‘स्ट्रोजरकडे जोडून द्या’ म्हणून आलेली हांक ती खुशाल आपल्या नवऱ्याकडे वळवी. कथा खरी असो वा रचलेली असो, तिच्यांतलें मर्म खरें आहे. वाट ज्याच्या हातीं, गिऱ्हाईक त्याच्या हातीं. स्ट्रोजरनें १८८९ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला, १० मार्च १८९१ रोजीं तें त्याला मिळालें, आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजीं इंडियाना संस्थानांत ला पोर्ट येथें माणसावांचून चालणारें पहिलें एक्स्चेंज सुरू झालें.

पुढें रूढ झालेल्या या यंत्राची रचना मोठी सुबोध आहे. एक दांडा असतो आणि त्याच्या भोंवतीं दहा मजल्यांचीं संपर्कस्थानें असतात, प्रत्येक मजल्यावर दहा. वर्गणीदारानें पहिला आंकडा फिरवला, कीं दांडा तितके मजले चढतो. दुसरा फिरवला, कीं तितकीं घरें वळतो. सहा आणि चार, म्हणजे सहावा मजला, चौथें घर. मोठ्या शहरांत अशीं यंत्रें एकापुढें एक जोडलेलीं असत, आणि प्रत्येक आंकडा एकेका यंत्राला हलवीत पुढें सरके. येथें नंबर आणि वाट हीं दोन नव्हतीं. नंबर हीच वाट होती. हिंदुस्थानांत असें स्वयंचलित एक्स्चेंज प्रथम १९१३-१४ सालीं सिमल्यास बसविण्यांत आलें. त्याची क्षमता ७०० तारांची होती.

परंतु नंबर हीच वाट असण्यांत एक अडचण होती. वाट बदलावयाची तर नंबर बदलावा लागे. लंडनसारख्या शहरांत शेंकडों एक्स्चेंजें. एकापासून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग प्रत्येक ठिकाणाहून निराळा. आणि वर्गणीदाराचा नंबर तर सगळीकडून एकच हवा. यावर १९२७ सालीं लंडनच्या हॉबर्न एक्स्चेंजमध्यें ‘डायरेक्टर’ नांवाची योजना अमलांत आली. हें यंत्र वर्गणीदारानें फिरविलेले आंकडे आधीं ऐकून सांठवी, त्यांचें भाषांतर करी, आणि मग प्रत्यक्ष वाटेचे आंकडे स्वतः पुढें पाठवी. म्हणजे ‘कोणाकडे जावयाचें’ आणि ‘कसें जावयाचें’ या दोन गोष्टींची फारकत झाली. आजच्या सगळ्या नियमावलीचें बीज या फारकतींत आहे.

दुसरा एक प्रश्न गणिताचा होता. शंभर टेबलें असलेल्या कचेरीला बाहेरच्या तारा किती घ्याव्या? शंभर घेणें म्हणजे पैशाची नासाडी. दोन घेणें म्हणजे गिऱ्हाइकांना तिष्ठत ठेवणें. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत काम करणारे गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनीं १९०९ सालीं या विषयावर निबंध लिहिला, आणि १९१७ सालीं आपलीं प्रसिद्ध सूत्रें मांडलीं. किती हांका येतात, प्रत्येक बोलणें सरासरी किती वेळ चालतें, आणि किती जणांना परत जावें लागलें तर चालेल, हें सांगा. तारा किती लागतील हें सूत्र सांगतें. टेलिफोनच्या गर्दीचें माप आजहि त्यांच्याच नांवानें, ‘एर्लांग’ या एककानें, मोजतात.

यानंतरची मोठी क्रांति ३० मे १९६५ रोजीं न्यू जर्सींतल्या सक्कासुन्ना गांवीं झाली. तेथें बेल कंपनीचें असें एक्स्चेंज सुरू झालें, कीं ज्याचे नियम दांड्यांत आणि चक्रांत नव्हते, तर संगणकाच्या स्मृतींत लिहिलेले होते. आतां वाट बदलावयास पाना-हातोडा नको. लिहिलेलें पुसून नवें लिहिलें म्हणजे झालें. अशा एक्स्चेंजवर एकदम लोंढा आला तर तें गुदमरूं नये, म्हणून कोणतें काम आधीं व कोणतें मागाहून हें ठरविणारी पद्धति बेलच्याच प्रयोगशाळेंतील एर्ना श्नायडर हूवर या विदुषीनें शोधली. तिचा आराखडा त्यांनीं बाळंतपणानंतर इस्पितळांत असतांना रेखाटला असें सांगतात; १९७१ सालीं त्यांना त्याचें पेटंट मिळालें. भारतांत दूरच्या गांवीं बोलावयाचें तर ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहत बसण्याचा काळ पुष्कळांच्या आठवणींत आहे; ऑपरेटरशिवाय परगांवचा नंबर थेट फिरविण्याची सोय प्रथम १९६० सालीं लखनौ व कानपूर यांमध्यें झाली.

आतांपर्यंत वाट कशीहि ठरो, ती एकदां ठरली म्हणजे बोलणें संपेपर्यंत तार त्या दोघांचीच असे. इंटरनेटनें ही कल्पनाच मोडली. येथें आवाजाचे बारीक तुकडे होतात, एका सेकंदाचे साधारण पन्नास. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि पोस्टाच्या पिशवींतल्या पाकिटांप्रमाणें ते इतरांच्या पाकिटांबरोबर प्रवास करतात. अमेरिकेंत असे प्रयोग १९७४ सालींच झाले होते. १९९५ सालीं घरगुती संगणकावरून असें बोलण्याची सोय बाजारांत आली, आणि १९९९ सालीं ‘सिप’ नांवाचा संकेत प्रसिद्ध झाला. त्याची २००२ सालची सुधारलेली आवृत्ति पुढें जगभर रूढ झाली. घंटा वाजविणें, उचललें असें कळविणें, ठेवून देणें, हे सारे निरोप कोणत्या शब्दांत द्यावे हें या संकेतानें ठरवून दिलें. भारतांत इंटरनेटवरून टेलिफोन करण्यास मर्यादित स्वरूपांत परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून.

याच सुमारास कचेरीच्या टेलिफोनचीं सूत्रें अगदीं अनपेक्षित हातीं गेलीं. १९९९ सालीं मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्यानें थोड्याशा भांडवलावर एक लहानसा धंदा उघडला होता. त्याला कचेरीसाठीं टेलिफोनची अंतर्गत व्यवस्था हवी होती. तिची किंमत त्याच्या आवांक्याबाहेरची होती. तेव्हां त्यानें साध्या संगणकावर चालणारी तशी व्यवस्था स्वतःच लिहून काढली, तिला ‘ॲस्टेरिस्क’ म्हणजे तारका असें नांव दिलें, आणि ती सर्वांना फुकट खुली केली. जें काम करावयास पूर्वीं मोठ्या कंपनीचा अभियंता यावा लागे, तें आतां कोणत्याहि कचेरींतला जाणता माणूस करूं लागला.

तो काय लिहितो? बाहेरून आलेल्या हांकेसाठीं तो लिहितो, कीं सोमवार ते शनिवार दहा ते सहा असेल तर अमुक तीन टेबलांवर एकदम घंटा वाजवा. वीस सेकंदांत कोणीं न उचलल्यास चौथ्याकडे द्या. कचेरी बंद असेल तर पहारेकऱ्याकडे. तेथेंहि कोणी नसेल तर निरोप ध्वनिमुद्रित करून घ्या. आंतून बाहेर जाणाऱ्या हांकेसाठीं तो आंकड्यांचे सांचे तयार करतो. ॲस्टेरिस्कच्या नियमावलींत ‘एक्स’ म्हणजे शून्य ते नऊपैकीं कोणताहि आंकडा, ‘झेड’ म्हणजे एक ते नऊ, ‘एन’ म्हणजे दोन ते नऊ, आणि शेवटीं टिंब दिलें तर ‘यापुढें कांहींहि चालेल’. ‘दोन, एक्स, एक्स’ असा सांचा लिहिला, कीं २०० ते २९९ हीं टेबलें ठरलीं. शून्यानें सुरू होणारा नंबर आला तर शून्य गाळून उरलेला बाहेरच्या वाटेवर सोडावयाचा. ती वाट बंद असेल तर दुसरी धरावयाची. एकाच नंबराला दोन सांचे लागू पडले, तर अधिक नेमका असेल तो खरा.

हे नियम लिहिणें सोपें असलें, तरी त्यांचे परिणाम सोपे नसतात. दोघां कारकुनांनीं रजेवर जातांना आपापले टेलिफोन एकमेकांकडे वळवून ठेवले, तर हांक दोघांमध्यें चेंडूसारखी फिरत राहील. हें ओळखून ‘सिप’च्या कर्त्यांनीं प्रत्येक हांकेबरोबर एक आंकडा, साधारणपणें ७०, देऊन ठेवला, प्रत्येक टप्प्याला तो एकानें कमी होतो आणि शून्य झाला कीं हांक थांबते. ज्या सांच्यांत शेवटीं टिंब आहे, तो निष्काळजीपणें लिहिला आणि बाहेरच्या अनोळखी माणसालाहि लागू पडला, तर चोर त्याच वाटेनें परदेशांत टेलिफोन करतात आणि बिल कचेरीच्या नांवें येतें. परंतु हे सारे पैशाचे आणि वेळाचे तोटे. एक नियम याहून फार महाग पडला.

मोठ्या इमारतींतून बाहेर टेलिफोन करावयाचा तर आधीं एक आंकडा फिरवावा, ही चाल जुनी आहे. अमेरिकेंत तो आंकडा बहुधा नऊ असे. आणि तेथें संकटसमयीं मदत मागण्याचा नंबर आहे ९११. १ डिसेंबर २०१३ रोजीं टेक्सस संस्थानांतील मार्शल गांवीं एका प्रवासी निवासाच्या खोलींत कारी हंट नांवाच्या तरुणीवर तिच्या विभक्त पतीनें प्राणघातक हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी तेथेंच होती. संकटांत काय करावयाचें हें तिला शिकविलेलें होतें. तिनें खोलींतला टेलिफोन उचलला आणि ९११ फिरविला. एकदां नव्हे, चार वेळां फिरविला. पण त्या टेलिफोनला आधीं आणखी एक नऊ हवा होता. मुलीनें शिकविलें तें बिनचूक केलें, आणि तिची हांक इमारतीच्या बाहेर पडलीच नाहीं. आई वांचली नाहीं.

कारी हंट हिच्या वडिलांनीं हा प्रश्न धसास लावला. त्यांच्या खटपटीनें झालेला कायदा तिच्याच नांवानें, ‘कारीचा कायदा’ म्हणून, ओळखला जातो. १६ फेब्रुवारी २०१८ रोजीं त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसविलेल्या प्रत्येक अशा व्यवस्थेंत ९११ हा नंबर कोणत्याहि जादा आंकड्याशिवाय लागलाच पाहिजे, आणि तसा टेलिफोन गेल्याची सूचना इमारतींतल्या जबाबदार माणसाला मिळाली पाहिजे, असें या कायद्याचें सांगणें आहे. नियमावलींत पाहूं गेल्यास ही भर एक-दोन ओळींची आहे. तेवढ्या ओळी लिहिणें शक्य असूनहि त्या कित्येक ठिकाणीं लिहिलेल्या नव्हत्या, याचें कारण दुष्टपणा नव्हे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें रोजचा कारकून होता, परक्या खोलींतलें घाबरलेलें मूल नव्हतें.

ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडची म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. भारतांत संकटसमयीं ११२ हा नंबर योजिला आहे. १०० आणि १०८ हेहि लोकांच्या तोंडीं आहेत. येथल्या कचेऱ्यांतून बाहेर टेलिफोन करतांना आधीं शून्य फिरविण्याची चाल आहे, आणि टेबलांना तीन आंकडी नंबर देतांना १०० पासून सुरुवात करण्याचा मोह सहज होतो. तसें केलें तर ११२ हा नंबर मदतीच्या कचेरीचा न राहतां दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या टेबलाचा होतो. आणि रात्रीं कोणी तो फिरविला, तर रिकाम्या खोलींत घंटा वाजत राहते. शिवाय जुनी तार एका ठराविक भिंतींत येऊन संपत असे, म्हणून हांक कोठून आली तें कळे. इंटरनेटचा टेलिफोन पुण्याच्या कचेरींतून उचलून नागपूरला नेला, तरी त्याचा नंबर पुण्याचाच राहतो. अमेरिकेंत २०१८ सालच्याच दुसऱ्या एका कायद्यानें हांकेबरोबर नेमकें ठिकाणहि कळविण्याचें बंधन घातलें, तें याच कारणास्तव.

सव्वाशें वर्षांहून अधिक काळ या इतिहासाचा ओघ एकाच दिशेनें वाहत आला आहे. जें माणसाच्या डोक्यांत होतें तें नंबरांत आलें, नंबरांतलें यंत्रांत, आणि यंत्रांतलें लेखी नियमांत. प्रत्येक पायरीला वेग वाढला, खर्च कमी झाला, आणि स्ट्रोजरला ज्याची चीड आली म्हणतात तो पक्षपातहि गेला. परंतु एक गोष्ट या ओघांत मागें राहिली. न्यू हेवनच्या किंवा लॉवेलच्या ऑपरेटरला घाबरलेल्या मुलाचा आवाज ऐकूं येत असे. त्यानें नंबर चुकीचा सांगितला तरी ती त्याला योग्य त्या दारीं पोंचवी. नियमाला आवाज ऐकूं येत नाहीं. त्याला फक्त आंकडे दिसतात, आणि ते जुळले तर जुळले. म्हणून ऑपरेटर जें ऐकून करीत असे, तें नियम लिहिणाऱ्यानें आधींच कल्पून ठेवावें लागतें. नवी व्यवस्था बसल्यावर प्रत्येक मजल्यावरून, कोणताहि जादा आंकडा न फिरवितां, मदतीचा नंबर लागतो कीं नाहीं हें संबंधित खात्याला आगाऊ कळवून एकदां प्रत्यक्ष पाहणें, याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. मार्शल गांवच्या त्या खोलींत कमी पडला, तो हाच अर्धा तास.